वेळ भाजी खात नाही

घरी भाजी-भाकरी करत बसणं आता परवडत नाही, असं म्हणणारे वाढले आहेत, आणि त्यांचं म्हणणं पूर्वीपेक्षा शहाण्या भाषेत मांडलं जातं. आधी लोक नुसतं ‘वेळ नाही’ म्हणायचे आणि गप्प बसायचे. आता त्याला विचाराची झालर लागली आहे. घरात दोघंही कमावती, जाण्यायेण्यात दिवसाचे तास जातात, तेव्हा निवडणं, चिरणं, फोडणी देणं हा वेळेचा नास. शिवाय घरचं ताजं अन्न हा आग्रह शेवटी बाईच्याच डोक्यावर बसतो, म्हणून स्वयंपाकघराला कुलूप घालणं हीच तिची सुटका. बाहेर सगळं मिळतं, मागवा आणि मोकळे व्हा.

यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो आधी कबूल करायला हवा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं, तीही जे करतात त्यांची. पाहणीच्या दिवशी घरातल्या कामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले. बायका शंभरात एक्क्याऐंशी. हे आकडे समोर असताना ‘घरच्या जेवणाची गोडी’ वगैरे लिहिणाऱ्याने जरा जपून लिहावं. तक्रार खरी आहे. चूक आहे ती आरोपी निवडण्यात. दिवसाची पाच तासांची वेठ आळणाच्या, म्हणजे बेसन लावलेल्या पातळ पालेभाजीच्या, पातेल्याने लादलेली नाही, आणि पातेलं उचलून ठेवल्याने ती संपणारही नाही.

हे पुण्या-मुंबईच्या सोसायटीत बसून नीट दिसत नाही. म्हणून वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला यावं. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या जैन मंदिरामुळे गावाच्या नावापुढे ‘जैन’ लागलं, आणि देशभरचे यात्रेकरू इथे येतात. पण ‘बाहेरून मागवा’ हा सल्ला शिरपूरसारख्या गावात नेऊन ठेवला तर त्याचा अर्थ काय होतो? इथे ‘बाहेर’ म्हणजे स्टँडजवळची गाडी: कचोरी, समोसा, आलूबोंडा. नाहीतर किराणा दुकानाच्या दारात माळेसारखी लोंबणारी पाच-दहा रुपयांची पाकिटं. बाहेर वाफवलेला पालक, घोटलेली चुक्याची भाजी विकायला कुणी बसत नाही, कारण तिच्यात नफा नाही आणि ती संध्याकाळपर्यंत टिकतही नाही. जे टिकतं ते विकलं जातं, आणि टिकतं ते तळलेलं, खारवलेलं, साखरेतलं. शहरात ॲपवर पर्याय जास्त दिसतात, तिथेही भाजी मागवणारा अपवादच. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतातलं कुटुंब पेयं, तयार खाणं आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर खर्चाच्या ९.८४ टक्के घालवत होतं, भाज्यांवर ६.०३ टक्के. शहरात ही दरी आणखी मोठी. तेव्हा बाहेरचं खाणं हा भविष्यातला मुक्तिमार्ग वगैरे नाही. ते केव्हाच घडून गेलं आहे आणि कुणी मुक्त झालेलं दिसत नाही.

आता ‘धावपळीचा माणूस’ कोण, तेही ठरवू. या वादात तो नेहमी लॅपटॉपवाला असतो. शिरपूरच्या शिवारात सोयाबीनच्या निंदणाला, पुढे सोंगणीला आणि कापूस वेचायला जाणारी बाई त्या व्याख्येत बसत नाही, कारण तिच्या दिवसाला कुणी वेळापत्रक म्हणत नाही. सकाळी पाणी भरायचं, पोरांचं आवरायचं, सैपाक करायचा, स्वतःची शिदोरी बांधायची आणि ऑटो भरायच्या आत रस्त्यावर उभं राहायचं. दिवसभर वाकून काम, परत आलं की पुन्हा चूल. वेळेची इतकी ओढाताण असलेला माणूस कुठल्या कंपनीत सापडेल? ‘मले कुठं येळ भेटते बाप्पा,’ असं ती म्हणेल, आणि तिच्या डब्यात तरी भाकर असेल, वरून बेसन किंवा एखादी भाजी, जवसाची चटणी, कांदा. वऱ्हाडातला साधा स्वयंपाक रिकाम्या बायकांनी घडवलेला नाही. ज्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती त्यांनी तो काटछाट करत करत इथवर आणला आहे. म्हणून तो मुळातच झटपट आहे.

आळणाचंच बघा. पालक, मेथी, आंबटचुका, करडईची कोवळी पानं, जे हाताशी असेल ते धुऊन जाडसर चिरायचं. पातेल्यात तेल, मोहरी तडतडली की जिरं, ठेचलेला लसूण, तिखट, हळद. त्यात भाजी टाकली की क्षणभर पातेलं भरून वर येतं आणि लगेच आपल्याच पाण्यात खाली बसतं. मग पाणी, मीठ, एक उकळी. तोवर वाटीत थोडं बेसन पाण्यात कालवून ठेवलेलं असतं. त्याची एका हाताने धार धरायची आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, हात थांबला तर गुठळ्या झाल्याच. बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत रटरटू दिलं की झालं. भाजी निवडलेली असेल तर हे सगळं वीस मिनिटांत होतं, एका पातेल्यात होतं, आणि त्यात पालेभाजीही आली, हरभऱ्याची डाळही आली. वेगळी आमटी नको. कुकर असेल तर डाळभाजी याहून सोपी: तुरीची डाळ, थोडी हरभऱ्याची, मूठभर शेंगदाणे, वर पालक किंवा चिवळ, शिट्ट्या झाल्या की घोटून फोडणी. लग्नाच्या पंगतीत वाढली जाते म्हणून ती अवघड असेल असं मानायचं कारण नाही. आणि हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडून आणले तर घोळाना करायला विस्तवही लागत नाही. पाला, तिखट, मीठ, कच्चं तेल, चिरलेला कांदा. हाताने घोळला की पानात. शहरातली मंडळी यालाच ‘सॅलड’ म्हणून पैसे मोजतात. मोजोत बापडी.

मग वेळ जातो कुठे? तो जातो ताटाच्या कल्पनेत. चौघांच्या घरात कणीक भिजवणं, पंधरा-सोळा पोळ्या लाटणं-भाजणं, आणि त्या एकेक करून गरम ताटात पडाव्यात म्हणून एका माणसाने शेगडीपाशी उभं राहणं. एकाला भाजी कोरडी हवी, दुसऱ्याला रस्सा. पोराला डब्यात काल दिलेलं आज नको. सकाळी चहाबरोबर वेगळा नाश्ता, दुपारी साग्रसंगीत, संध्याकाळी पुन्हा सगळं नव्याने, कारण सकाळचं संध्याकाळी वाढलं तर तोंडं वाकडी होतात. या सगळ्या खटाटोपात भाजी हा सगळ्यात कमी वेळ खाणारा भाग. पण गदा नेमकी तिच्यावर येते. पोळी जात नाही, भात जात नाही, पापड-लोणचं जात नाही. ‘आज भाजी नाही केली, बटाटा टाकला’ एवढंच होतं. वेळ वाचवायचा तर ताटातले पदार्थ कमी करा. एक भाजी, तीही डाळीतली किंवा बेसनातली, आणि एक भाकर. संपलं. जेवणाऱ्यांनी ते निमूट खाल्लं पाहिजे, ही अट कठीण आहे, स्वयंपाक कठीण नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: कांदा-खोबऱ्याचं वाटण नाही, मसाला नाही, मग चव कशी येणार? शिरपूरमध्ये हा प्रश्न विचारू नये, लोक हसतील. इथल्या जैन घरांतून कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा यांशिवाय रोज स्वयंपाक होतो. सैतवाळांसारखी मराठीच बोलणारी जैन कुटुंबं वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत. हिंग, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू एवढ्यावर दोडकं, दुधी, गवार, भेंडी शिजते. बटाट्याच्या जागी कच्चं केळं येतं. आपल्याकडच्या भाजीला लागणारा निम्मा वेळ कांदा चिरणं, तो परतणं, वाटण करणं आणि मिक्सरचं भांडं धुणं यात जातो. तो टप्पाच गाळला तर काय होतं याचा प्रयोग या गावात केव्हाच होऊन गेला आहे. कांदा-लसूण सोडा असं मी म्हणत नाही, मी स्वतः सोडणार नाही. पण वाटणाशिवाय भाजी होत नाही हा समज शिरपूरच्या कुठल्याही जैन स्वयंपाकघरात अर्ध्या तासात मोडून पडेल.

दुसरी गोष्ट सूर्यास्ताची. इथल्या मूर्तीवरून दिगंबर आणि श्वेतांबर यांचं भांडण १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, १९८१ पासून मंदिराला कुलूप राहिलं, आणि फेब्रुवारी २०२३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडलं. इतकी वर्षं कोर्टात समोरासमोर उभे राहिलेले दोन्ही पंथ एका बाबतीत मात्र एकमताचे: दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं. त्यामागचं कारण जीवहिंसा टाळण्याचं आहे, आरोग्याचं नाही, आणि तसंच ते मानावं. उगाच त्यात आजच्या आहारशास्त्राचे दाखले घुसडू नयेत. पण परिणाम पाहा. ज्याला संध्याकाळी सहा-साडेसहाला जेवून मोकळं व्हायचं आहे आणि दुकानही सांभाळायचं आहे, त्याच्या घरी पाच पदार्थांचा घाट घातलाच जात नाही. मर्यादा आधी ठरते, स्वयंपाक तिच्यात बसवला जातो. श्वेतांबरांच्या चौदा नियमांत तर आज किती द्रव्यं, म्हणजे खाण्याच्या वस्तू, खायची हेही सकाळीच ठरवून टाकायची तरतूद आहे. गांधीजींनी १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात व्रत घेतलं तेही याच वळणाचं: दिवसभरात पाचापेक्षा जास्त वस्तू खायच्या नाहीत आणि अंधार पडल्यावर खायचं नाही. त्यांच्या सेवाग्राम आश्रमातलं उकडलेलं जेवण पुष्कळांच्या घशाखाली उतरत नसे आणि मलाही त्याचा पुरस्कार करायचा नाही. पाचाची अट मात्र कामात बुडालेल्या माणसाने जरूर चोरावी.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर जाणकार वाचक माझा कान पकडतील. जैन स्वयंपाक भाज्यांच्या बाबतीत सरसकट आदर्श धरता येत नाही. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणारी घरं पुष्कळ, आणि पावसाळा हाच तर रानभाज्यांचा हंगाम. शिकण्यासारखं आहे ते काटकसरीचं तंत्र. बाकीचं ज्याच्या त्याच्या श्रद्धेचं.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. हे आजीवाले. यांच्या लेखी सगळं आजीच्या काळी उत्तम होतं. तिच्या हाताला चव होती, चुलीवरच्या भाकरीला वास होता, आणि आजच्या बायकांनी ते सगळं घालवलं. या गोड गळ्याच्या मंडळींनी सुटकावाद्यांना जितकं बळ दिलं तितकं कुठल्या ॲपनेही दिलं नसेल. कारण आजीचा स्वयंपाक साधा नव्हताच. जातं, पाटा, पाणी, सरपण, वाळवणं, सांडगे, कुरड्या, आल्यागेल्याचं, सणावाराचं, या सगळ्यात तिचं आयुष्य गेलं, आणि जेवायला ती सगळ्यात शेवटी बसली, उरलंसुरलं घेऊन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. शेवटी बसून उरलेलं खाण्याची रीत अजून जिवंत असल्याचाही हा एक इशारा असावा. भाजी पातेल्यात असून भागत नाही, ती करणारीच्याही ताटात पडावी लागते. (आणि पालेभाजीवर लिंबू पिळावं, जेवणावर लगेच चहा घेऊ नये, अन्नातलं लोह अंगी लागायचं तर या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. चहाची गोष्ट वऱ्हाडात कुणी ऐकणार नाही, तरी लिहून ठेवतो.) मला आजी परत नको आहे. तिने रानातून दमून आल्यावर जे घाईघाईत केलं, ते आळण तेवढं हवं आहे. सणाचा स्वयंपाक तिच्या नावावर खपवून रोजच्या बाईला हिणवणं बंद झालं पाहिजे.

सुटकावाद्यांना आणखी एक विचारायचं आहे. बाहेरून मागवलं की स्वयंपाक नाहीसा होतो का? तो फक्त दुसऱ्या स्वयंपाकघरात जातो, आणि तिथेही पुष्कळदा बाईच उभी असते. मुंबईच्या गिरणगावात हे फार आधी घडलं. कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका पहाटेपासून राबत आणि किराणा भरायला सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना बँकेचं कर्ज आणि स्वतःची संघटना मिळावी म्हणून. कामगाराच्या दृष्टीने जेवण ‘बाहेरचं’ होतं. अन्नपूर्णेच्या दृष्टीने ते तिचंच घर होतं, तिचीच चूल होती. आज पुण्या-मुंबईतली पोळीभाजी केंद्रं बऱ्याच घरांना आधार देतात आणि त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. तिथून भाजी जरूर आणावी. पण आपल्या घरातलं काम पुरुषाने उचललं नाही म्हणून ते कमी मजुरीच्या बाईकडे सरकवलं, या व्यवहाराला स्त्रीमुक्ती म्हणू नये. त्याला गिऱ्हाइकी म्हणतात.

वेळेच्या या सगळ्या चर्चेत एक खरी टंचाई मात्र झाकली जाते. ती भाजीची. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. वाशीम जिल्ह्यातल्या मजुराने त्या आणायच्या कुठून? पूर्वी ज्वारी-कापसाच्या तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, घरच्यापुरती अंबाडी, चवळी, भेंडी, वाळूक टाकलेलं असे. बांधावर तरोटा, तासात कुंजर, घोळ, पाथरी आपोआप उगवे. निंदायला गेलेल्या बायका येताना ओटीत भाजी घेऊन येत. म्हणजे मजुरीच्याच वेळात भाजी गोळा होई, वेगळा वेळ लागत नसे. मग शिवार सोयाबीनने भरलं. मजूर मिळेना म्हणून तणनाशकाचा फवारा आला, आणि तण म्हणून जे जळालं त्यात संध्याकाळची भाजीही होती. फवारलेल्या रानातला पाला खाऊ नये हे बायकांना कळतं, त्यांनी तो खुडणं सोडलं. आता तीच भाजी आठवडी बाजारात पैसे मोजून घ्यायची. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे तरोटा टेबलावर मांडलेला असतो, पुढे नावाची पाटी, साहेब फोटो काढतात. चांगलं आहे, पण तरोट्याला पाटी लागावी अशी वेळ कशाने आली हेही तिथेच एखाद्या फलकावर लिहावं. आणि गंमत अशी की पोत्यांनी सोयाबीन पिकवणाऱ्या या जिल्ह्यात ते दाणे घरी फारसे शिजत नाहीत. ते बाजार समितीत जातात, तेल आणि पेंड होऊन निघून जातात, आणि सोयाच्या वड्यांचं पाकीट किराणा दुकानातून विकत येतं.

तेव्हा शेतकऱ्याने पाच-सहा तासं तरी न फवारता अंबाडी-चवळीला ठेवावीत, घरामागे मोरीच्या पाण्यावर चुका-पालकाचा वाफा करावा, दारात शेवगा लावावा. यात नवीन काही नाही आणि फार वेळही लागत नाही. अंबाडी उकळून तिचं आंबट पाणी काढलं, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवली, वरून लसणाची चरचरीत फोडणी दिली की दोन्ही वेळचं भागतं. दुसऱ्या वेळी ती जास्तच चांगली लागते. हिवाळ्यात तुरीचे सोले आहेत, नुसते ठेचून फोडणीला टाकायचे. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवला तर उन्हाळ्यात भाजी महागली तरी अडत नाही.

राहता राहिला पुरुष. ‘मला भाकर थापता येत नाही,’ हे त्याचं ठेवणीतलं उत्तर. बरं, नको थापूस. भाकर थापायला सराव लागतो हे खरं, पण भाजी निवडायला कसला सराव? आळणाची धार धरायला? कुकरचं झाकण लावायला? ट्रॅक्टरचं गिअर, मोबाइलवरचे व्यवहार, सोयाबीनचे भाव, सगळं ज्याला जमतं त्याचा हात मेथीच्या जुडीपाशी येऊनच का अडतो? २९९ आणि ९७ मिनिटांमधलं अंतर हॉटेलने भरून निघणार नाही, ते या जुडीपासूनच कमी होईल. रात्री बातम्या बघत बसणाऱ्याच्या पुढ्यात जुडी ठेवली तर सकाळच्या भाजीचा निम्मा वेळ तिथेच वाचतो.

शाळेत हे शिकवायची सोय तर आयतीच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत पोषण आहार रोज शिजतो. पाचवीपर्यंतच्या मुलामागे ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम, असं प्रमाण ठरलेलं आहे. पुष्कळ शाळांत परसबागही आहे. स्वयंपाकीण बाई सकाळच्या थोड्याशा वेळात गावभरच्या पोरांचं शिजवते; वेळेचं गणित कुणाला कळत असेल तर ते तिला. तिच्या हाताखाली सातवी-आठवीच्या मुलांनी, मुलींनी नव्हे, मुलांनी, आठवड्यातून एकदा भाजी निवडावी, चिरावी, फोडणी द्यावी, आणि कार्यानुभवात त्याचे गुण धरावेत. पालकांची तक्रार येईल की मास्तरने पोराला चुलीपाशी बसवलं. ती लेखी घ्यावी, आणि त्याच अर्जात खाली एक रकाना छापून घ्यावा: तुमच्या घरी भाजी कोण निवडतं?